जमनाची जागा

प्रमिलाबाई गल्लीत शिरल्या की वयात आलेल्या मुलींचे बाप मागच्या दाराने शेताकडे सटकतात, असं प्रकाशा गावात गमतीने म्हणत. गमतीत बरंच खरं होतं. बाई एकदा कुणाच्या ओसरीवर टेकल्या की होकार घेतल्याशिवाय उठत नसत. घरधनी कंटाळून म्हणे, "आते जेवन तरी करी ल्या, बाई." त्या जेवत, ताट उचलून ठेवत आणि परत मुद्द्यावर येत. मुद्दा एकच असे: पोरीला सातवीनंतर घरी बसवू नका, काहीतरी कसब शिकू द्या.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. कालवे, पूल, रस्ते यांची कामं निघत होती आणि धुळ्याच्या कचेऱ्यांत नकाशांचे ढीग पडत होते. इंजिनियर पेन्सिलीने काढत, त्यावर पारदर्शक कापड अंथरून कुणीतरी शाईने ते उतरवून घ्यावं लागे. त्या माणसाला ट्रेसर म्हणत. धुळ्याच्या अनुसयाबाईंच्या डोक्यात आलं की हे काम बसून करायचं, नेटक्या हाताचं आहे, मग बायकांनी का करू नये? त्या निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी एका जुन्या ओव्हरसियरला गाठून आपल्याच घराच्या माडीवर वर्ग सुरू केला, खालच्या दोन खोल्यांत मुलींची राहायची सोय केली आणि गावोगावच्या महिला मंडळांना कळवलं की मुली द्या, बाकीचं मी बघते.

प्रकाशाचं मंडळ म्हणजे प्रमिलाबाई. नवरा गिरधरभाई गेल्यावर वर्षभर त्या उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या. ग्रामसेविकेने फार मागे लागून त्यांना मंडळात नेलं आणि मग त्यांना थांबवणं कुणालाच जमलं नाही. शहाद्यापासून सारंगखेड्यापर्यंत त्यांचे पाय पोचले होते. पांढरं स्वच्छ लुगडं, हातात पिशवी, पायात चपला. गुजर समाजातली विधवा बाई चपला घालून चावडीसमोरून जाते याची लोकांना हळूहळू सवय झाली.

त्या परत येत तेव्हा पाय धुवायला पाणी तयार असे. चुलीवर भाजी, टोपलीत दादर ज्वारीची भाकरी. म्हशीचं दूध काढलेलं, शेतातल्या माणसांच्या शिदोऱ्या गेलेल्या, अंगण सारवलेलं. हे सगळं त्यांची सून जमना करी. मुलगा रतिलाल स्वभावाने मवाळ, शेत भलं आणि आपण भलं. लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं. त्याबद्दल प्रमिलाबाई सुनेला कधी टाकून बोलल्या नाहीत. गावात त्यांच्या चांगुलपणाचा दाखला म्हणून हे सांगितलं जाई.

त्या वर्षी अनुसयाबाईंनी या भागासाठी दोन जागा ठेवल्या. पहिलीसाठी प्रमिलाबाई हिलालच्या मागे लागल्या होत्या. त्याची इंदू हुशार होती. हिलाल अडून बसला. "पोर धुळाले एकली ऱ्हाई? लोक काय म्हनतीन?"

"लोकेस्नं ऐकशी त पोर जल्मभर भाकरीच थापी," बाई म्हणाल्या.

"तुम्हले सोतानी अंडेर नही, म्हनीसन बोलनं सोपं शे."

यावर त्यांनी न अडखळता सांगितलं की मला मुलगी असती तर सगळ्यांच्या आधी तीच गेली असती. हिलालची बायको दिवलीबाई दाराआडून ऐकत होती. ती पुढे आली आणि म्हणाली, "धाडी द्या. मी सांगस, धाडी द्या." इंदूचं ठरलं.

दुसऱ्या जागेसाठी मुली बघायला अनुसयाबाई स्वतः आल्या. देवळाजवळच्या धर्मशाळेत सातआठ मुली जमवल्या होत्या. अनुसयाबाईंनी पाटावर एक नकाशा ठेवला, त्यावर निळसर, मेणचट कापड ताणून बसवलं आणि शाईची लेखणी दाखवली. तिला दोन पात्यांची चोच होती, त्यांत शाईचा थेंब धरायचा आणि बाजूचा स्क्रू फिरवून रेघ बारीक-जाड करायची. मुलींनी एकेक करून हात चालवला. कुणाचा डाग पडला, कुणाची रेघ मध्येच जाड झाली. सगळ्या खिदळत होत्या.

जमना चहा घेऊन आली होती. कपबशा ठेवून ती तिथेच उभी राहिली, नजर लेखणीवर. अनुसयाबाईंनी तिला विचारलं, "किती शिकलीस?"

"सातवी पास शे."

"मग ये की. बस."

जमनाने सासूकडे पाहिलं. प्रमिलाबाईंनी मान हलवली. त्यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. जमनाने पदराला हात पुसले, श्वास धरला आणि एक रेघ ओढली, दुसरी ओढली. नकाशात नदीचं एक वळण होतं. ते तिने न थांबता उतरवलं आणि हात उचलला तेव्हा शाई कुठेही फुटली नव्हती. पहिल्या खेपेला एवढी स्वच्छ रेघ अनुसयाबाईंच्या माडीवर कुणाची आली नव्हती.

"कुठे शिकलीस गं हे?"

"कोठेच नही," जमना म्हणाली आणि हसली. ते हसू तोंडावर पदर न धरता आलं होतं. प्रमिलाबाईंना ते अनोळखी वाटलं. आपल्या घरात ही बाई अशी कधी हसल्याचं त्यांना आठवेना.

संध्याकाळी चुलीपुढे भाकरी थापता थापता जमनाने विचारलं, "आत्या, लगीन व्हयेली बाई बी जास का तठे?" गावातल्या सगळ्या सुना सासूला आत्या म्हणत, तशी तीही म्हणे.

"बघू," प्रमिलाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या अनुसयाबाईंना सोडायला बैलगाडीतून शहाद्याला गेल्या. वाटेवर अनुसयाबाईंनी विषय काढला. "दुसरी जागा जमनाला देऊ या. अहो, हात आहे तिला. वर्षाचा प्रश्न. परीक्षा झाली की कचेरीत चिकटेल. आणि तुमच्यासारखी सासू असल्यावर अडचण कसली?"

 पहाटे म्हशीची धार कोण काढणार, शिदोऱ्या कोण बांधणार, आपण गावोगाव फिरणार कशा, हे सगळं प्रमिलाबाईंच्या एकदम मनात आलं. त्याखाली आणखी एक भीती होती. जमना गेली, कमावती झाली, तर ती परत या घरात कशाला येईल? रतिलाल तर तिच्या शब्दाबाहेर नाही. मग दिवेलागणीला त्या ओसरीवर एकटं बसायचं.

कारण काहीतरी सांगायला हवं होतं. घरचं काम म्हणावं, तर अनुसयाबाई म्हणतील गडी ठेवा. तब्येत म्हणावी, तर म्हणतील धुळ्यात डॉक्टर आहेत. लोक काय म्हणतील, याचं उत्तर तर प्रमिलाबाईंनाच पाठ होतं. गावागावातल्या बापांपुढे त्या हीच उत्तरं देत आल्या होत्या. ज्याला उत्तर नाही असं एकच कारण त्यांना ठाऊक होतं.

"तिले दिवस गयेत," त्या म्हणाल्या.

अनुसयाबाईंचा चेहरा फुलला. त्यांनी प्रमिलाबाईंचा हात दाबला. "अगंबाई! चार वर्षांनी! मग राहू द्या, राहू द्या. आता नको दगदग."

गाडी चालत राहिली. प्रमिलाबाई शहादा येईपर्यंत दोन्ही बाजूंच्या शेतांकडे बघत बसल्या.

ती जागा नवापूरकडच्या रूपीला मिळाली. मिशनच्या शाळेत शिकलेली ती डोंगरातली मुलगी होती. तिचा बाप दलपत रस्त्याच्या कामावर मजुरी करायचा. हे कळलं तेव्हा प्रमिलाबाईंना बरं वाटलं. एका गरजू पोरीचं भलं झालं, जागा काही वाया गेली नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं. जमनाला त्यांनी एवढंच सांगितलं की दुसरी पोर मिळाली. जमना "बरं" म्हणाली आणि म्हशीला पाणी दाखवायला गेली.

वर्ग सुरू झाला तेव्हा दिवलीबाई इंदूला पोचवायला धुळ्याला गेली. परत आली ती थेट प्रमिलाबाईंच्या घरी, हातात नारळ घेऊन.

"जमना कोठे शे? ओटी भरस मी तिनी," ती दारातूनच ओरडली. "अनुसयाबाईनी सांगं माले. गावमा कोनले पत्ता नही आनि धुळाले ठावं!"

जमना आतून आली. हात पिठाने भरलेले होते. दिवलीबाईने तिला जवळ ओढलं, तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली आणि नारळ तिच्या पदरात घातला. जमनाने सासूकडे पाहिलं. प्रमिलाबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. त्यांची मान खाली गेली आणि जमनाला सगळं कळलं.

ती त्या क्षणी दिवलीबाईला खरं सांगू शकली असती. तिने सांगितलं नाही. वाकून नमस्कार केला, पाणी दिलं. दिवलीबाई धुळ्याच्या गोष्टी सांगत बसली, माडी कशी, मुली किती, रूपीने इंदूला कसं सांभाळून घेतलं. जमना मान हलवत ऐकत राहिली. नारळ तिच्या पदरातच होता.

दिवलीबाई गेल्यावर तिने नारळ चुलीशेजारी ठेवला.

"तुम्ही सांगं ना?"

"जमना, तोंडमाईन निंघी गयं. तू गयी ऱ्हातीस, त या घरनं..."

"आत्या, ताप शे सांगी देतात तुम्ही. डोया कच्चा शेतस सांगतात. सून मन्ही मी धाडत नही, आसं सांगतात." तिचा आवाज चढला नव्हता. "हाईच काबरं सांगं?"

 दर महिन्याला ही मुलगी विहिरीवरून उशिरा येते आणि तिचे डोळे सुजलेले असतात, हे प्रमिलाबाईंना माहीत होतं. त्यांनी पाहिलं होतं आणि कधी विचारलं नव्हतं.

रतिलालला बातमी पारावर कळली. कुणीतरी पाठीवर थाप मारली, कुणी जिलबी मागितली. बायको लाजून बोलली नसेल असं त्याला वाटलं. तो कागदात जिलबी बांधून घेऊन आला. एवढा मोठा गडी, पण चेहरा शाळकरी पोरासारखा झाला होता. घरात शिरताच त्याने जमनाला हाक मारली.

"मायले विचारा," जमना म्हणाली आणि आत गेली.

"माय? खरं शे का?"

प्रमिलाबाईंनी सांगितलं. सांगताना त्यांना दोनदा थांबावं लागलं. रतिलालने पुडा ओट्यावर ठेवला.  मग म्हणाला, "माले विचारती त मी तिले धाडी देतू, माय." आणि बैलांना चारा घालायला निघून गेला.

त्यानंतर घरात तिघंही नीट बोलत, नीट जेवत, पण पूर्वीची सहज अशी बोलणी संपली. बाहेर मात्र बातमीने मूळ धरलं होतं. बायका जमनाला घागर उचलू देत नव्हत्या. कुणी कैरी आणून देई, कुणी चिंच. जमना घेत असे. प्रमिलाबाई रोज ठरवत की आज दिवलीबाईला गाठून सांगू आणि रोज काही ना काही निघे. खरं तर निघत काही नव्हतं. दिवलीबाईला सांगितलं की ते हिलालला कळणार, हिलालला कळलं की गावाला. मग पुढच्या वर्षी कुणाच्या ओसरीवर बसायची सोय उरणार नव्हती. मंडळासाठी गप्प राहिलं पाहिजे, असं त्या मनाला समजावत. मन काही समजत नव्हतं.

दिवस उलटले तशा नजरा जमनाच्या पोटाकडे वळू लागल्या. शेजारच्या मगनची बायको पार्वतीबाई हिने एकदा नदीवर सरळच विचारलं, कितवा चालू आहे? जमना काही बोलायच्या आत प्रमिलाबाई मध्ये पडल्या. डोळ्यांना पदर लावून त्यांनी सांगितलं की टिकलं नाही, देवाची मर्जी.

पहिल्यापेक्षा हे खोटं फार सहज निघालं. त्याचीच त्यांना भीती वाटली.

मग घरी रीघ लागली. बायका येत, जमनाच्या शेजारी बसत, तिच्या पाठीवरून हात फिरवत. ज्याचं अस्तित्वच नव्हतं त्याच्यासाठी त्या रडत आणि जमनाला त्यांच्यात बसावं लागे. एक दिवस ती खरंच रडली. कशासाठी रडते आहे हे फक्त प्रमिलाबाईंना कळत होतं, आणि त्या पलीकडच्या खोलीत तांदूळ निवडायचं सोंग करत बसल्या होत्या.

श्रावणात पार्वतीबाईच्या मुलीचं डोहाळजेवण होतं. शेजारघर म्हणून जमना सकाळपासून तिथे राबली, पुरणाच्या पोळ्या लाटल्या, अंगणात रांगोळी काढली. ओटी भरायची वेळ झाली तेव्हा पार्वतीबाईने प्रमिलाबाईंना बाजूला घेतलं. "राग मानू नका बाई, पन जमनाले आते घर धाडी द्या. जिनं टिकनं नही, तिनी नजर..." वाक्य तिने पुरं केलं नाही.

जमना पलीकडेच उभी होती. तिने ऐकलं. कमरेला खोचलेला पदर सोडला, हात धुतले आणि कुणाला न सांगता निघाली. प्रमिलाबाई तिच्या मागे गेल्या नाहीत. विधवेला ओटी भरता येत नाही म्हणून त्यांनाही तिथे काम नव्हतं, तरी त्या तिथेच थांबल्या. घरी जायचं धैर्य होईना.

दिवाळीला इंदू सुट्टीवर आली. तिने स्वतः उतरवलेला एका लहान पुलाचा नकाशा आणला होता. धर्मशाळेत मंडळाची सभा भरली आणि या खेपेला मुलींचे बापही आले. कापड हातोहात फिरलं. हिलाल उठून उभा राहिला. त्याला बोलायची सवय नव्हती. "बाईन्या भरवसावर मी पोर धाडी," तो म्हणाला. "आते मी दुसरासले सांगस, तुम्ही बी धाडा." मागच्या रांगेतल्या दोघांनी तिथल्या तिथे आपापल्या मुलींची नावं सांगितली. कुणीतरी प्रमिलाबाईंच्या गळ्यात झेंडूची माळ घातली.

जमना दाराजवळ चहाच्या किटलीशी बसली होती.

प्रमिलाबाई बोलायला उभ्या राहिल्या. मंडळाचं काम, पुढच्या जागा, असं काहीसं त्यांच्या मनात होतं. पण हिलालचा 'भरवसा' हा शब्द कानातून जाईना. माळ त्यांनी काढून खाली ठेवली.

"दुसरी जागा मन्ही जमनानी व्हती," त्या म्हणाल्या. "अनुसयाबाईनी तिलेच मागी. मी खोटं सांगं. तिले दिवस गयेत, आसं सांगं. दिवस गया नव्हतात. काही पडं बी नही. ते बी मीच सांगं. तुम्हन्या पोरी मी घर घर जाईसन मांग्या, आनि मन्ही सून मी घरमा ठी लिधी."

 मग दिवलीबाई उठली. "मी नारय लयनू व्हतू तिले," ती म्हणाली.  "खोटी ओटी भराले मन्हा हातखाल तुम्ही तिले उभी करी. मन्हा हातखाल!" ती इंदूचा हात धरून बाहेर गेली. तिच्यामागे बाकीच्या निघाल्या. पार्वतीबाई भिंतीकडे तोंड करून उभी होती. हिलालने नकाशा गुंडाळला आणि टोपी सारखी करत तोही गेला.

घरी जाताना प्रमिलाबाईंना अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. जमना जवळ येईल, निदान एखादा शब्द बोलेल, असंही मनात होतं. ओसरीवर पोचल्यावर जमना बोलली.

"माले विचारं का तुम्ही?"

"काय विचारू, बाई? खरंच त सांगं मी."

"आते मी पानीले जासू, त सगय्या मन्हाकडे देखतीन. हाई देखा, हिले दिवसच गया नव्हतात. हाई देखा, हाई खोटं रडी." जमनाने किटली खाली ठेवली. "तवय बी माले विचारं नही, आज बी नही. तुम्हले हलकं वाटनं व्हई. माले नही वाटनं."

प्रमिलाबाई जागच्या जागी बसल्या. आतापर्यंत आपण काय केलं हे त्यांना ठाऊक होतं. आज, चांगलं करताना, आपण पुन्हा तेच केलं, हे त्यांना जमनाने सांगेपर्यंत सुचलंही नव्हतं.

आठवडाभराने त्या धुळ्याला गेल्या. अनुसयाबाईंच्या माडीवरून मुलींचा आवाज येत होता. खालच्या खोलीत बसून त्यांनी सगळं सांगितलं. अनुसयाबाई रागावतील, घालवून देतील, अशी त्यांची तयारी होती.  अनुसयाबाई म्हणाल्या, "चूक माझीही आहे. जमनाचा हात मी पाहिला, मग प्रश्न तुम्हाला का विचारला? तिलाच विचारायला हवा होता."

"आते तिले जागा मिई का?"

"जूनमध्ये नवा वर्ग आहे. तिला यायचं असेल तर तिने यावं. आणि प्रमिलाबाई, तुम्ही तिच्याबरोबर येऊ नका."

जायला निघाल्या तेव्हा जिन्यात एक मुलगी भेटली. बोटांना शाई, केस घट्ट बांधलेले. तिने वाकून नमस्कार केला आणि मी रूपी, असं सांगितलं. प्रमिलाबाईंना तिच्याकडे सरळ बघवलं नाही. त्या पोरीचा त्यात काही दोष नव्हता.

घरी येऊन त्यांनी जमनाला जूनचं सांगितलं आणि पुढे एक शब्दही बोलल्या नाहीत. आग्रह करायची त्यांची सवय जुनी होती. या वेळी ती आवरायला कष्ट पडले.  कापूस वेचून झाला, होळी झाली. मग एकदा जेवताना, सासूला ऐकू जाईल अशा आवाजात, तिने रतिलालला विचारलं, "जूनमा माले धुळाले जानं शे. सोडाले येतस का?"

"येस ना," रतिलाल म्हणाला.

ती गेली. पहाटे म्हशीची धार काढायला प्रमिलाबाई उठू लागल्या. इतक्या वर्षांनी हात वळेना, म्हैस लाथ झाडी. भाकरी जाड होत, करपत. रतिलाल मुकाट्याने खाई. दुपारी त्या थकून ओसरीवर बसत तेव्हा त्यांना हिशेबच लागेना की या सगळ्यातून जमना धर्मशाळेत चहा घेऊन यायला तरी कधी वेळ काढत होती. मंडळ दिवलीबाईने हाती घेतलं. कित्येक महिने ती या दारावरून सरळ पुढे जाई. मग एका दुपारी आत आली, बसली नाही, उभ्यानेच म्हणाली की सारंगखेड्याचा एक बाप ऐकत नाही, त्याला काय सांगायचं? प्रमिलाबाईंनी जे सुचलं ते सांगितलं. दिवलीबाई मान हलवून गेली. पाणी मात्र तिने घेतलं नाही.

जमना परीक्षा पास झाली आणि तिला नंदुरबारच्या एका कचेरीत काम मिळालं. रूपी आधीच तिथे लागली होती. दोघींनी स्टेशनजवळ एक खोली घेतली. पुढे रूपीचं लग्न ठरलं, तेव्हा ती खोली जमनाकडे राहिली आणि धुळ्याच्या माडीवरून येणारी पुढची मुलगी पहिल्यांदा तिच्याकडे उतरू लागली. रतिलाल शेताचं काम संपलं की नंदुरबारला जाई, चार दिवस राहून येई. त्या दोघांमध्ये काय बोलणं होत असे ते प्रमिलाबाईंनी कधी विचारलं नाही. तो परत येई तेव्हा त्याचा चेहरा निवांत असे, एवढं त्यांना दिसे.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सणाला, जमना माहेरी गेली होती. परतताना ती प्रकाशाला उतरली. प्रमिलाबाईंनी सांजोऱ्या केल्या होत्या, त्या थोड्या फुटल्या होत्या. जमना जेवायला बसली. तिच्या मधल्या बोटाला लेखणीचा घट्टा पडला होता. तिने सांगितलं की आता कालव्याचे नकाशे आले आहेत, मोठमोठे, एकेक कापड पुरं टेबलभर होतं. साहेबाने एका नकाशावर तिचं आद्याक्षर कोपऱ्यात घालायला सांगितलं. प्रमिलाबाई ऐकत होत्या. खूप विचारायचं होतं, आणि त्यातलं एकच बाहेर आलं.

"जमना, मन्हावरना राग गया का, व?"

जमनाने घास चावून संपवला. ती खोटं बोलली असती तर प्रमिलाबाईंनी आनंदाने मानलं असतं.

"राग रोज नही येत, आत्या," ती म्हणाली. "पन येस."

प्रमिलाबाईंनी मान हलवली. पदराने डोळे पुसायचा मोह झाला, पण रडून आपण पुन्हा तिच्याकडून काहीतरी मागू, असं वाटून त्यांनी हात आवरला. त्या उठल्या आणि चुलीवरची डाळ हलवू लागल्या.

"आजून वाढू?"

"थोडी," जमना म्हणाली, आणि ताट पुढे सरकवलं.